खाटेपासून जमिनीपर्यंत

नागपूरहून ऑपरेशन करून मला घरी आणलं, त्या दुपारी बायकोनं आधी माझ्या खाटेच्या पायांखाली विटा लावल्या आणि मगच मला गाडीतून उतरू दिलं. खुब्याचा सांधा बदललेल्या माणसानं बसताना गुडघा कमरेच्या वर जाऊ द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि आमची खाट म्हणजे जमिनीची धाकटी बहीण. विटांवर चढल्यावर तिला एकदम रुबाब आला. त्याच खोलीत खाली गादीवर माझी माय निजलेली असायची. तिनं मान वळवून खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "हा त पार माळ्यावर जाऊन बसला. आता याले जेवाले हाक मारा लागन का शिडी लावा लागन?"

घरात संडासाला लागून असलेली खोली एकच, मागची. आणि चालता न येणारी माणसं दोन. म्हणून आम्ही मायलेक एका खोलीत राहायला आलो, माझ्या लहानपणानंतर पहिल्यांदाच. ती खाली, मी वर. भेटायला येणारं माणूस दारातच अडखळायचं. आधी विचारपूस कोणाची करायची? खाली पाहून बोलावं तर वरचा वाट पाहतोय, वर पाहून बोलावं तर पायाशी म्हातारी. माय त्यांची सुटका करायची. "त्याच्याशी बोला," म्हणायची, "बिमार थो हाय. मी नुसती म्हातारी हाओ."

ती नुसती म्हातारी नव्हती. तिच्या पायांना सूज होती, दम लागायचा, आणि आदिलाबादच्या डॉक्टरांनी माझ्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता त्यांना आवडेल ते खाऊ घाला. पण हे तिला आम्ही सांगितलं नव्हतं आणि तिनं आम्हाला कळू दिलं नव्हतं की तिला ठाऊक आहे.

माझ्या खुब्याची गोष्ट लांबलचक आहे; थोडक्यात सांगतो. उजव्या खुब्याचं हाड ऐन उमेदीत आतून सुकलं. तेव्हा एक कृत्रिम सांधा बसवला. तो बरीच वर्षं चालला आणि मग कोणाला न विचारता सैल झाला. सगळ्यांचे होत नाहीत, काहींचे होतात, असं डॉक्टर म्हणाले; मी नेहमी त्या 'काहीं'मध्ये असतो. मग जुना सांधा काढून नवा, त्याहून मोठा, लांब दांड्याचा बसवला. आता माझ्या मांडीत आमच्या स्वैपाकघरातल्या सगळ्या भांड्यांपेक्षा चकचकीत धातू आहे, फक्त तो मांडणीवर लावून पाहुण्यांना दाखवता येत नाही. सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, "वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली बसायचं नाही. हाड थोडंच उरलंय. हा निखळला तर पुन्हा बसवायला जागा नाही." हे ते इतकं शांतपणे म्हणाले की मी त्यांना थँक्यू म्हटलं.

खाली बसायचं नाही. हे आमच्यासारख्याला सांगणं म्हणजे माशाला कोरड्या जागी राहा म्हणणं. आम्ही भाजीपाला लावणारी माणसं. वांग्याची खुरपणी बसून, मेथीच्या जुड्या बांधणं बसून, बाजारात पोतं अंथरून त्यावर बसून. जेवण खाली, पूजा खाली. पहिल्या ऑपरेशननंतर मी आदिलाबादच्या बाजारात खुर्ची घेऊन गेलो होतो. रांगेतले सगळे भाजीवाले जमिनीवर आणि मधोमध मी उंच. एक म्हातारी आली, तिनं भाजीकडे बघितलंही नाही. तिला वाटलं बाजाराची तहबाजारी वसूल करणारा माणूस बसलाय. तिनं मुकाट्यानं हातातले पैसे माझ्यापुढे धरले. बाजूचा भाजीवाला म्हणाला, "घेऊन टाका सायेब, पावती मंग फाडजा." तेव्हापासून मला बाजारात सायेब हे नाव पडलं. तेव्हा ते सगळं हसण्यावारी जात होतं. या वेळी जात नव्हतं, त्याचं कारण माय होती.

आमच्याकडे मरणाऱ्या माणसाला खाटेवर प्राण सोडू देत नाहीत. वेळ आली असं वाटलं की त्याला खाली घेतात, जागा सारवून उघड्या जमिनीवर निजवतात आणि त्याचं डोकं मुलगा आपल्या मांडीवर घेतो. शेवटचं पाणी त्या मांडीवर पाजायचं. माझ्या बापाला यातलं काही मिळालं नाही. तो मोठ्या दवाखान्यात, उंच लोखंडी खाटेवर, नळ्यांच्या जाळ्यात गेला. माय शेजारी उभी होती आणि खाटेचा कठडा इतका उंच होता की तिचा हात त्याच्या कपाळापर्यंत पोचेना. ती त्यावर कधी रडली नाही. पण घरी आल्या दिवसापासून तिनं खाट सोडली. जमिनीवर गादी टाकून निजायला लागली. आम्ही पुष्कळ सांगितलं, गारवा लागेल, सांधे धरतील. ती म्हणायची, "मले उतरवाले ऐन टायमाले माणसं शोधा लागन. म्हणून मी आधीच उतरली." आणि बापाच्या तेराव्याला, सगळे जेवून हात धूत असताना, तिनं आम्हा दोघा भावांना पुढ्यात उभं करून सांगितलं होतं, "मले खालीच ठेवजा. अन् मांडी मोठ्यानं देजा."

मोठा मी. धाकटा भाऊ कोळशाच्या खाणीत कामाला, बेल्लमपल्लीला क्वार्टरमध्ये राहतो. त्याची पाळी, त्याच्या सुट्ट्या, सगळं दुसऱ्याच्या हातात. म्हणून तिनं त्याच्यावर भिस्त ठेवली नव्हती. माझं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिची सूज नुकतीच वाढायला लागली होती. मी म्हटलं, पुढं ढकलतो. तर म्हणाली, "जाऊन ये तू. मी थांबते." जणू मी बाजारात जाऊन येणार होतो.

ती थांबली. मी आलो तो हा असा आलो.

व्यायाम शिकवायला आदिलाबादहून एक मुलगी यायची, तेलुगू बोलणारी. माझ्याशी हिंदीत बोलायची, पण आकडे मोजताना तेलुगूत जायची. पाय बाजूला न्या, ओकटी, परत आणा, पुन्हा, रेंडु, मूडु. खालून माय पण मोजायची. बाजारात सगळा जन्म गेल्यामुळे तिला तेलुगू आकडे पाठ. पण ती मधला एखादा आकडा गिळून टाकायची, म्हणजे माझी सुटका लवकर. मुलीच्या लक्षात आलं. "अम्मा, चीटिंग नक्को," म्हणाली. माय म्हणाली, "पोट्ट्याले घाम आला, दिसत नाई का तुले?" माझ्या कानावरचे केस पांढरे झालेत, तरी मी पोट्ट्या.

एके दिवशी माय झोपलीये असं पाहून मी त्या मुलीला हळूच विचारलं, खाली कधी बसता येईल. ती पट्टी गुंडाळत होती. म्हणाली, "नीचे बैठना भूल जाओ अंकल." मी म्हटलं, एकदाच, थोडा वेळ. ती हसली, तिला वाटलं मी भजन-बिजनासाठी विचारतोय. "कुर्सी पे बैठ के भगवान नाराज नहीं होते." ती गेली. खालून आवाज आला, "झाली का चौकशी?"

माय झोपलेली नव्हती.

त्या दुपारपासून आमच्यात तो विषय उघडा झाला. विषय एकच होता, जमीन कशाला म्हणायचं. मी विटांवरून बोलायचो, ती गादीवरून.

"माय, बुटका दिवान आनला तं?"

"दिवान लाकडाचा असते."

"त्याच्यावर माती पसरली तं?"

"मंग मी काय कुंडीतलं झाड हाओ का?"

"अन् खुर्चीवर बसून मांडी देल्ली तं? तुले थोडं वर उचलू."

"अधांतरी?" ती म्हणाली. "थे त तुह्या बापासारखं झालं."

थोड्या वेळानं माझ्या टॉवेलला हिसका बसला. आमची एक सोय होती: मला खाली हात पोचवता येत नव्हता, म्हणून टॉवेलचं एक टोक माझ्या मनगटाला आणि दुसरं खाली तिच्या हाताशी. मी घोरलो की ती ओढायची. आता मी जागा होतो तरी ओढलं. "नाई जमलं तं नाई जमलं," ती म्हणाली. "तू काऊन तोंड पाडून राह्यला? मले दिसत नाई एवढ्या वरचं, पण समजते."

शेवटी तोड काढली बायकोनं. ती दारात बसून चवळीच्या शेंगा मोडत आमचं ऐकत असायची. म्हणाली, "आत्याबाई, चूल मातीची असते. थे जमीनच झाली ना?"

माय म्हणाली, "झाली."

"मंग इथं ओटा घालते. यायच्या खुर्चीएवढा उंच. खालपासून वरपर्यंत मातीच. तुमी त्याच्यावर निजा, हे काठाले बसतीन."

मायनं बराच वेळ छताकडे पाहिलं. मला तिचा चेहरा अर्धाच दिसायचा. मग अटी सुरू झाल्या. ओटा भरीव पाहिजे, पोकळ चालणार नाही. आत दगड नाही. विटा नाहीत, भाजलेली माती म्हणजे मेलेली माती. आणि माती आपल्या वावराची पाहिजे, दुसऱ्याची नाही.

इथं घोळ झाला, आणि तो आम्ही सगळ्यांनी जाणूनबुजून केला. आमचं वावर काळं. काळ्या मातीचा ओटा होत नाही, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या पोरालाही ठाऊक. ती पाणी धरते, फुगते, वाळताना फाटते. भिंतीला, ओट्याला गावठाणातली पांढरी माती लागते. शेजारच्या काकूनं, जिनं आयुष्यभर स्वतःच्या घराच्या भिंती लिंपल्या, ते एकदा बोलूनही पाहिलं. माय म्हणाली, "पांढरी कोनाची? गावाची. मी गावाची थोडीच हाओ." जिच्या जिवावर ते वावर उभं राहिलं तिला तुझी माती कामाची नाही असं कोण सांगणार? मी तर नाहीच. म्हटलं भूस घालू, शेण घालू, थोडी वाळू घालू, होईल. पोळा होऊन गेला होता तरी पाऊस उघडीप देत नव्हता. म्हटलं तेही होईल.

बैलगाडीतून माती आली, मागच्या दारात ओतली. बायको आणि काकू पायांनी तुडवायच्या आणि घमेल्यानं आत आणायच्या. मला काम नव्हतं म्हणून मी मुकादम झालो. खाटेवरून सूचना द्यायचो: काठ सरळ ठेवा, तिकडं जास्त झालं. खालून माय सूचना द्यायची, त्या बरोबर उलट्या असायच्या. बायको म्हणाली, "वरून एक बोंबलते, खालून एक बोंबलते, मधात मी मातीचा गारा करून राह्यली." तिनं ओट्याची उंची घ्यायला माझ्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत सुतळी लावली. मायला ते फार आवडलं. म्हणाली, "लहानपनी याची चड्डी मी अशीच मापली होती."

ओटा उभा राहिला. म्हशीच्या पाठीसारखा काळा, चमकदार. आणि तो वाळेना. घरात एकच टेबलफॅन, तो आधी माझ्याकडे होता. तो ओट्याकडे वळवला. खोलीत दोन आजारी माणसं घामानं भिजत पडलेली आणि मातीला वारा. भेटायला येणाऱ्यांना आता तीन ठिकाणी पाहावं लागायचं. एकानं विचारलं, हा ओटा कशाला? मायनं सांगितलं, "मले बसाले." त्यानं मान डोलावली.

वरून कोरडा दिसायचा, अंगठा लावला की बोट आत. मग भेगा पडल्या. आणि मग एका सकाळी त्याच्या कडेला हिरवं दिसलं. आधी मला वाटलं बुरशी. बायकोनं जवळ जाऊन पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. मेथी उगवली होती. वावरातल्या मातीत सांडलेलं बी, ओल मिळाली, वारा मिळाला, आणखी काय पाहिजे? आठवडाभरात ओट्याच्या उगवतीच्या बाजूला दाट मेथी. मी आयुष्यभर मेथी लावली, पण पंख्याच्या वाऱ्यावर इतकी छान मेथी मला कधी आली नव्हती.

मायनं एक काडी मागितली. बायकोनं उपटून हातात दिली. तिनं ती नाकाशी धरली, चावून पाहिली. "गोड हाय," म्हणाली. "तोडा अन् भाजी करा. जरड झाली तं कडू होईन." आम्ही केली. तिनं भाकरीच्या तुकड्यासोबत थोडी खाल्ली. मला वाटतं तिनं चवीनं खाल्लेलं ते शेवटचं.

तिची सूज आता वर चढत होती. बोलता बोलता थांबायची, श्वास गोळा करायची, मग पुढचं बोलायची. कधी पुढचं राहून जायचं. मोजायचं तिनं सोडलं होतं. ती मुलगी ओकटी म्हणायची आणि खालून काही यायचं नाही. मी सगळे आकडे पुरे करायचो. माझा पाय सुधारत होता, त्याची मला लाज वाटायची. वॉकर धरून खिडकीपर्यंत जायला लागलो होतो. आम्ही दोघं एकाच खोलीत उलट्या दिशेनं चाललो होतो.

एके दुपारी बायको मागं कपडे वाळत घालत होती. मी वॉकर घेऊन ओट्याशी गेलो. म्हटलं काठ तरी कोरडा झाला असेल. तसा तो दिसतही होता. पाठमोरा झालो, शिकवल्याप्रमाणे ऑपरेशनचा पाय पुढे सरकवला, हातांनी ओट्याचा अंदाज घेतला आणि टेकलो. क्षणभर सगळं जमलं. उंची बरोबर, गुडघा कमरेच्या खाली, मांडी सपाट. मी डाव्या हातानं मांडीवर चापटी मारून पाहिली, डोकं इथं येईल. आणि मग काठ खचला. एकदम नाही, सावकाश, आतल्या ओल्या मातीसकट. मी बसलो तो बसतच चाललो होतो. मी ओरडलो असणार, कारण बायको ओले हात घेऊन धावत आली आणि तिनं मला लुंगीच्या गाठीला धरून वर ओढलं. काकू मागून आली, तिनं वॉकर पुढे केला. दोघींनी मला खाटेवर टाकलं. पाय जागेवर होता.

बायको रडायला लागली. ती माझ्यासाठी रडत होती असं म्हणायला मला आवडलं असतं. ती म्हणाली, "पुन्हा नागपूरले न्याची ताकद नाई माह्यात. हात जोडते मी तुमाले."

खालून मायनं विचारलं, "काय पडलं?"

"माती," बायको म्हणाली.

माय म्हणाली, "आतून ओली हाय थे अजून." त्यानंतर तिनं ओट्याचं नाव काढलं नाही.

ज्या दिवशी ती गेली त्या सकाळी तिला पाजलेला चहा ओठांच्या कडेनं बाहेर आला. बायकोनं पुसला, पुन्हा चमचा लावला, पुन्हा बाहेर. तिनं भांडं खाली ठेवलं आणि काकूला हाक मारली. मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, पहिल्या बसनं निघतो. बेल्लमपल्लीहून इथवर यायचं म्हणजे मंचेरियालला गाडी बदलून अर्धा दिवस जातो, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही, पण आम्ही दोघंही त्याबद्दल बोललो नाही.

काकूनं मायचे पाय हातात धरून पाहिले. "गार झाले," म्हणाली. "गादी काढा लागते." दोघींनी तिला अलगद सरकवून गादी ओढून घेतली. काकूनं तेवढी जागा शेणानं सारवली. फरशीवर शेण नीट बसत नाही, पातळ पसरलं, पण सारवलं. मायला त्यावर आणलं. तिचे डोळे मिटलेले होते. श्वास चालू होता, मधे मोठे खंड पडत होते. बायकोनं तिचं डोकं दोन्ही हातांच्या ओंजळीत धरलं होतं. काकूनं विचारलं, "मांडी?"

कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दोघींनीही नाही. मी तोवर पाय खाटेवरून खाली सोडले होते आणि वॉकर ओढला होता. मी सांगतो मी काय विचार करत होतो. खाटेच्या कडेवरून घसरत खाली यायचं, ऑपरेशनचा पाय सरळ ठेवायचा, दुसरा दुमडायचा. उतरणं जमेल. सांध्याचं काय व्हायचं ते होऊ दे. तो मी पुढं कुठं वापरणार होतो? बाजारात खुर्चीवर बसून सायेब व्हायलाच ना? मी बूड कडेला आणलं. समोर सारवलेली ओली फरशी होती.

बायकोनं तेव्हा वर पाहिलं. रागानं नाही. "अवो, नोको," ती हळूच म्हणाली. "एकाले खाली ठेवून राह्यली मी. दुसऱ्याले उचलाले इथं कोनी नाई." आणि माझं उत्तर यायच्या आत ती मांडी घालून बसली आणि तिनं मायचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.

मी वॉकर धरून उभा राहिलो. माझ्या जागेवरून मला दोघींचे भांग दिसत होते, एक अजून काळा, एक पांढरा. एवढंच. चेहरे नाही. काकूनं तुळशीचं पान पाण्यात बुडवून मायच्या ओठांना लावलं. बराच वेळ असाच गेला. बाहेर कोणीतरी मोटार चालू करून वांग्याला पाणी सोडलं होतं. त्या पावसात कोणाला पाणी द्यायचं सुचलं कोण जाणे.

मग मायचा हात हलला. तो चाचपडत आपल्या डोक्याखाली गेला आणि लुगड्याच्या घडीवरून बायकोच्या गुडघ्यावर येऊन थांबला. तिनं गुडघा चेपला. आवाज अगदी बारीक, पण खोलीत दुसरा आवाज नव्हता.

"पाय दुखत असन ना रे तुहा."

बायकोचे ओठ हलले. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मायला अलीकडे कमी ऐकू यायचं, म्हणून मी जरा मोठ्यानं बोललो.

"नाई दुखत, माय."

"मंग बस," ती म्हणाली.

पुढं ती काही बोलली नाही. जेवणवेळेच्या आधी श्वास थांबला. कधी थांबला ते आम्हाला लगेच कळलंही नाही, कारण आम्ही पुढच्या श्वासाची वाट पाहत होतो.

तिला कळलं होतं का, हे मला ठाऊक नाही. बायकोच्या बांगड्या तिच्या गालाला लागत होत्या. माझा आवाज तिच्या कानाशी नव्हता, वरून येत होता, छताच्या बाजूनं. आणि ही ती बाई, जी नुसतं अंगठ्यानं दाबून वांगं कडू निघेल का सांगायची. तिला बाप्याची मांडी आणि बाईची मांडी कळणार नाही? कधी वाटतं, खरंच कळलं नाही, आणि ती समाधानानं गेली. कधी वाटतं, सगळं कळलं होतं, आणि खाली आणि वर असलेल्या आम्हा दोघांचीही समजूत काढून ती गेली. दोन्ही वेळा मला तेवढंच रडू येतं, म्हणून मी ठरवायचं सोडून दिलं.

बायकोचा पाय बधिर झाला होता. तिला उठता येईना. काकूनं एका हातानं मायचं डोकं सावरलं, दुसऱ्या हातानं तिला आधार दिला, आणि मी वॉकरमागे उभा राहून "हळू, हळू" म्हणत राहिलो. त्या दिवशी माझ्याकडून झालेलं काम तेवढंच.

दुपार कलताना भाऊ आला. ड्युटीवरच्याच कपड्यांत, चपला दारात उलट्यापालट्या टाकून. तो थेट जमिनीवर बसला, किती सहज बसला, आणि मायच्या पायांवर डोकं ठेवून रडला. मग नाक पुसून, विचारायलाच हवं म्हणून, त्यानं खालूनच विचारलं, "मांडी कोनं देल्ली?"

काकूनं तोंड उघडलं. पण बायको आधी बोलली.

"यायनं," ती म्हणाली.

भावानं माझ्याकडे पाहिलं. मग विटांवरच्या खाटेकडे, वॉकरकडे, काठ खचलेल्या ओट्याकडे. एकेका वस्तूवर त्याची नजर थांबली. मला वाटलं आता तो विचारेल, कशी? मी काय सांगायचं ते जुळवत होतो. तो उठून माझ्याजवळ आला आणि माझ्या मांडीवर हात ठेवला, ऑपरेशनच्याच, अगदी हळू.

"बरं झालं, दादा," तो म्हणाला. "बसमधी सगळा रस्ता मले तेवढाच घोर होता."

बायको मायच्या लुगड्याचा पदर नीट करत होती. तिनं मान वर केली नाही. काकूनं तोंड मिटलं आणि आंघोळीचं पाणी तापवायला ती बाहेर गेली.